पाऊल कोणाचे चुकले?

गोव्यातील ख्रिस्ती लग्नसमारंभात वॉल्ट्झचे सूर निघाले, की जोडपी नाचावयास उतरतात. पायावर पाय पडला, की ‘हिला नाचता येत नाही’ असा ठपका बहुधा मुलीवर येतो. हा न्याय नव्हे.

वॉल्ट्झचा ताल ३ मात्रांचा. साध्या चौकोनी पदन्यासात पहिल्या मात्रेस पुरुष डावे पाऊल पुढे टाकतो, त्याच क्षणी स्त्री उजवे पाऊल मागे घेते. दुसऱ्या मात्रेस दोघे बाजूस सरतात, तिसरीस पाय जुळवितात. पुढील ३ मात्रांत पुरुष मागे येतो, स्त्री पुढे. अशा ६ पावलांनी चौकोन पुरा होतो.

खरी मेख तिसऱ्या मात्रेत आहे. पाय नुसता टेकवून भागत नाही. जुळविलेल्या पायावर भार घ्यावा लागतो, तरच दुसरा पाय मोकळा होतो. पुरुषाचा भार दोन्ही पायांवर घोटाळला, तर पुढची सूचना तिला कळावी कशी? सूचना हाताने ओढून किंवा ढकलून द्यावयाची नसते. आधी धड निघते, मागोमाग पाऊल. ती हालचाल तिला सहज जाणवते.

स्त्रीनेही अंदाजाने पाय टाकू नये. आपला भार सांभाळून सूचनेची वाट पाहणे, हेही कौशल्यच होय.

तेव्हा तरुणांनो, पाऊल अडखळले तर जोडीदारिणीकडे रोखून पाहण्यापूर्वी आपला भार कोठे होता, ते आठवा. पुढे नेणाऱ्याचा पाय आधी स्थिर हवा.