अधांतरी स्थिर राहण्याची विद्या

मनुष्यास एखादा छंद असावा, हे सर्वांनाच मान्य आहे. परंतु छंदाचा आरंभ कसा करावा, याचा विचार फार थोडे लोक करतात. दूरनियंत्रणाने चालणारे छोटे हेलिकॉप्टर उडविण्याचा छंद आज अनेक मुलांना मोह घालतो. छंद उत्तम आहे. मात्र मोठे यंत्र विकत आणून पहिल्याच दिवशी ते आकाशात उंच धाडावयाचे, ही घाई म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! या छंदाचा पहिला धडा उंच उडण्याचा नसून एका जागी स्थिर राहण्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलांनो, हा धडा कठीण का, ते पाहा. हेलिकॉप्टरला डोक्यावरची फिरती पाती उचलून धरतात. प्रत्येक क्रियेस तितकीच विरुद्ध प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा नियम तुम्हांस ठाऊक असेलच. त्यामुळे पाती एका दिशेने फिरू लागली, की यंत्राचे धड उलट दिशेने फिरू पाहते. शेपटीवरचा लहानसा पंखा त्यास आवरतो. वरखाली, पुढेमागे, डावीउजवीकडे नेणे आणि तोंड वळविणे, अशी चार कामे उडविणाऱ्याला दोन दांड्यांनी एकाच वेळी साधावी लागतात. त्यातच यंत्राचे तोंड आपल्याकडे झाले, की डावेउजवे उलटे भासते! अशा चंचल यंत्राला बिनतारी संदेशांनी ताब्यात ठेवणे जाणत्यांनाही दीर्घकाळ अवघड गेले होते. जर्मनीतील डीटर श्ल्यूटर यांनी १९७० मध्ये ते यशस्वीपणे साधून दाखविले.

तेव्हा नवशिक्याने पायरीपायरीने चढावे. प्रथम संगणकावर सराव करावा. तेथे शंभर वेळा आपटले तरी काही मोडत नाही. मग एकावर एक बसविलेल्या आणि परस्परविरुद्ध फिरणाऱ्या दोन पंख्यांचे लहान हेलिकॉप्टर घ्यावे. ते स्वभावतःच शांत असते. त्यानंतर मोठे यंत्र वारा पडलेला असताना मोकळ्या मैदानावर न्यावे आणि शेपटी आपल्याकडे ठेवून ते थोडेसेच उचलावे.

कोणी म्हणेल, आता तोल सांभाळणारी साधने यंत्रातच असतात; मग एवढे कष्ट कशाला? त्यावर माझे उत्तर असे, की तोल यंत्राने सांभाळला, तर विद्या यंत्राला आली, आपल्याला नाही. वाऱ्याचा झोत आला किंवा ते साधन बिघडले, म्हणजे शेवटी आपलाच हात उपयोगी पडतो.

येथे केवळ यंत्राचाच प्रश्न नाही. वेगाने फिरणारे पाते बोट कापू शकते, डोळा फोडू शकते. म्हणून लोकांच्या गर्दीत किंवा विमानतळाजवळ हेलिकॉप्टर कदापि उडवू नये. भारतात २०२१ च्या नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग पाडले आहेत. वडीलधाऱ्यांच्या मदतीने ते आधी पाहून घ्यावेत. बॅटरीही त्यांच्या देखरेखीखालीच भारावी, कारण ती पेट घेऊ शकते.

हे नियम छंदाचा आनंद कमी करीत नाहीत. आपले हेलिकॉप्टर मिनिटभर एका जागी तरंगत ठेवणाऱ्या मुलाने घाईला जिंकलेले असते. आणि ज्याने घाईला जिंकले, त्याच्या हाती मोठे यंत्र देण्यास वडीलधाऱ्यांनीही कचरू नये.