रक्ताचा कर्करोग : मदत आहे, पण ती मागावी कोणत्या क्रमाने?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. त्याच दिवशी ३३ जीवरक्षक औषधांवरील १२ टक्के करही शून्यावर आला. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगावरील डॅराट्युमुमॅब आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावरील ॲसिमिनिब ही महागडी औषधे त्या यादीत आहेत. त्याआधी, जुलै २०२४ पासून, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची वार्षिक मर्यादा कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आणि पांढरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांनाही तिचे दार उघडले. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत घेण्यात आले. कागदावर पाहता रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णासाठी इतके अनुकूल दिवस पूर्वी कधी नव्हते.

तथापि रविवारच्या मिस्सेनंतर होणारी मदतीची आवाहने थांबलेली नाहीत. दागिने गहाण पडतात, पतपेढीचे कर्ज निघते, क्वचित वाडीचा एखादा तुकडाही विकला जातो. मदतीच्या योजना वाढत असताना कुटुंबे कर्जात का बुडतात, या प्रश्नाचे उत्तर केवळ सरकारी अनास्थेत शोधून भागणार नाही. आपल्याकडील बहुतेक मदत ही शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातील खाट यांचा विचार करून आखलेली आहे. रक्ताचा कर्करोग मात्र वेगळ्या चालीचा आजार आहे.

इतर अनेक कर्करोगांत गाठ काढली जाते, बिल एकदा येते आणि पुढचा खर्च साधारण अंदाजात असतो. रक्ताच्या कर्करोगात कापून काढण्यासारखे काही नसते. लहान मुलांत अधिक आढळणाऱ्या ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा उपचार दोन ते अडीच वर्षे चालतो आणि त्यातील मोठा काळ मूल घरी राहून गोळ्या घेत असते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णाला रोजची गोळी बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियात पहिल्या फेरीलाच सुमारे महिनाभर रुग्णालयात राहावे लागते. त्या काळात पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात, बुरशीजन्य संसर्ग होतो आणि केमोथेरपीच्या औषधांपेक्षा प्रतिजैविकांचे व बुरशीविरोधी इंजेक्शनांचेच बिल मोठे होऊन बसते. त्यात प्लेटलेट्सची भर. एका दात्याकडून यंत्राद्वारे काढलेल्या प्लेटलेट्सच्या एका पिशवीला दहा हजारांच्या आसपास प्रक्रियाशुल्क पडते आणि अशा किती पिशव्या लागतील हे कोणीही आधी सांगू शकत नाही. रक्ताची विक्री होऊ शकत नाही, केवळ प्रक्रियाशुल्क घ्यावे, असे औषध नियंत्रकांनी २०२४ च्या प्रारंभी रक्तपेढ्यांना पुन्हा बजावले. परंतु हे शुल्कच सामान्य घराला जड जाते.

अशा वेळी घरातली माणसे काय करतात? निदान ऐकून हादरलेले कुटुंब जवळच्या मोठ्या खासगी रुग्णालयात धावते, मागितलेली अनामत भरते, आणि साठवलेले पैसे संपल्यावर, म्हणजे तीन-चार आठवड्यांनी, योजनांची चौकशी सुरू करते. नेमका येथेच घात होतो. मुख्यमंत्री सहायता निधी असो वा केंद्राचा राष्ट्रीय आरोग्य निधी, झालेल्या खर्चाची भरपाई ते करीत नाहीत. पुढील उपचाराचे अंदाजपत्रक मंजूर होते आणि रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. फुले योजनेतही पूर्वपरवानगी घेऊनच उपचार सुरू व्हावे लागतात आणि तेही योजनेशी संलग्न रुग्णालयातच. स्वतःचे पैसे आधी आणि अर्ज नंतर, हा क्रम वरवर स्वाभिमानाचा वाटला तरी व्यवहारात तो सर्वांत महाग पडतो.

म्हणून पहिला प्रश्न रुग्णालयाचा. दाखल होण्यापूर्वी, निदान पहिल्या दोन-तीन दिवसांत, रुग्णालय फुले योजनेशी संलग्न आहे काय आणि रक्ताच्या कर्करोगाचे उपचार त्या संलग्नतेत येतात काय, हे तेथील आरोग्यमित्राला विचारावे. संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड ही मुख्य कागदपत्रे. शिधापत्रिका नसल्यास अधिवास प्रमाणपत्र चालते. पाच लाखांची मर्यादा केमोथेरपीच्या अनेक पद्धतींना पुरते, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला मात्र ती तोकडी पडते. २०२५ मध्ये राज्य सरकारने पाच लाखांपलीकडे जाणाऱ्या काही उपचारांसाठी स्वतंत्र राखीव निधी उभारण्याचा निर्णय घेतला आणि त्यात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा समावेश केला. निर्णय स्वागतार्ह आहे. तो किती रुग्णांपर्यंत आणि किती वेगाने पोहोचतो, याकडे आता लक्ष ठेवावे लागेल, कारण ल्युकेमिया फाइलीच्या प्रवासासाठी थांबत नाही.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी राष्ट्रीय आरोग्य निधीअंतर्गत आरोग्यमंत्री कर्करुग्ण निधी आहे. त्यातून सरकारी कर्करोग केंद्रांतील उपचारांसाठी कमाल १५ लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतूनही अंशतः मदत होते.

याहून कमी माहीत असलेली एक तरतूद आपल्या राज्यात आहे. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांचा कायदा, त्यातील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांना आपल्या खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी रुग्णालयाने एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढायची असते. वार्षिक उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांपर्यंत असल्यास निर्धन, तीन लाख साठ हजारांपर्यंत असल्यास दुर्बल, असे वर्गीकरण आहे. मुंबईतील अनेक नामांकित, संगमरवरी दालनांची रुग्णालये धर्मादाय न्यासांचीच आहेत, हे त्यांच्या दारात उभे राहिल्यावर सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तेथील वैद्यकीय समाजसेवकाकडे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन जावे. खाटा भरलेल्या आहेत असे उत्तर मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे दाद मागता येते.

ज्यांनी विमा काढला आहे त्यांचीही वाट सरळ नाही. पॉलिसी काढताना असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ एप्रिल २०२४ पासून चार वर्षांवरून कमाल तीन वर्षांवर आणला गेला. पॉलिसीला सलग पाच वर्षे पूर्ण झाल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. रक्ताच्या कर्करोगाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची सुधारणा त्याहून जुनी आहे. तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी, मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शने आणि रक्ताच्या आजारांसाठी मूलपेशींचे प्रत्यारोपण या गोष्टी विमा कंपन्यांनी वगळू नयेत, अशा मार्गदर्शक सूचना विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये काढल्या. परंतु त्यांवर उपमर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना राहिली. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत अशा आधुनिक उपचारांना विमा रकमेच्या ५० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे पाच लाखांची पॉलिसी या उपचारांपुरती अडीच लाखांचीच ठरते. हे वाक्य पॉलिसीत कोठेतरी आत छापलेले असते आणि ते वाचण्याची वेळ बहुधा दावा कापला गेल्यावरच येते.

गंभीर आजारांसाठी एकरकमी पैसे देणाऱ्या पॉलिसींचा मोह अनेकांना पडतो. त्या उपयुक्त आहेत, कारण ती रक्कम घरखर्चाला, प्रवासाला, बुडालेल्या पगाराच्या जागी कशालाही वापरता येते. मात्र कर्करोगाच्या प्रमाणित व्याख्येत ल्युकेमिया आणि लिम्फोमा येत असले तरी क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा राय पद्धतीच्या तिसऱ्या टप्प्याला पोहोचेपर्यंत त्यातून वगळलेला आहे. हा प्रामुख्याने वयस्कांचा आजार, वर्षानुवर्षे संथपणे चालणारा. त्यामुळे पॉलिसी आहे, कर्करोगही आहे, पण पैसे नाहीत, अशी विचित्र अवस्था उद्भवते.

नोकरदारांचा भरवसा कंपनीच्या सामूहिक विम्यावर असतो. दीर्घ आजारात नोकरी सुटली की तो विमाही सुटतो. राजीनामा देण्यापूर्वी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याची सोय विचारून घ्यावी; प्रतीक्षाकाळाचा पूर्ण झालेला भाग त्यात हिशेबात धरला जातो. दावा अन्यायाने नाकारला गेला आणि कंपनीने तक्रारीला तीस दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकिलाचीही गरज नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायला हवे.

मदतीचा विचार करताना औषधाच्या किमतीचा विचार सोडून चालत नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे भवितव्य बदलून टाकणारे इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झाले. भारतात मूळ कंपनीच्या ग्लिव्हेक या नावाने त्याची किंमत महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये होती. भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ ते दहा हजारांत मिळे. कंपनीने मॅक्स फाउंडेशनमार्फत हजारो रुग्णांना ते मोफत पुरवले, हे नोंदवायलाच हवे. पण पेटंट मिळाले असते तर स्वस्त पर्याय बाजारातून नाहीसा झाला असता. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्या पेटंटला आव्हान दिले आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. आज इमॅटिनिब त्याहूनही कितीतरी स्वस्त आहे. मोफत देणगी एका रुग्णाला मिळते, किमतीची घसरण मात्र रांगेत नसलेल्यालाही पोहोचते.

हीच कसोटी आता कार-टी उपचाराला लागणार आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून घडलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत कोट्यवधी रुपये लागणारा हा उपचार येथे प्रारंभी चाळीस लाखांच्या घरात उपलब्ध झाला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण पाच लाखांच्या मर्यादेत जगणाऱ्या कुटुंबाला चाळीस लाख आणि चार कोटी यांत फारसा फरक जाणवत नाही. लेडी मेहेरबाई टाटा यांचा १९३१ मध्ये ल्युकेमियाने मृत्यू झाला तेव्हा त्यांच्यासाठी कोणत्याही किमतीला औषधच नव्हते. त्यांच्या नावाचा न्यास आजही ल्युकेमियाच्या संशोधनाला पैसा पुरवतो आणि टाटा घराण्याच्या त्याच दुःखातून पुढे १९४१ मध्ये परळचे रुग्णालय उभे राहिले. आता औषध आहे. अडचण किमतीची आहे.

राहता राहिला असा खर्च, ज्याला कोणतीच योजना फारशी शिवत नाही. वसईहून परळला आठवड्यातून तीनदा जाणे-येणे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, घरातील लहान भावंडांची आबाळ. रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत देते. वसईच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या, दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना राज्य विमा योजनेतून केवळ उपचारच नव्हे, तर दोन वर्षे सलग विमाधारक नोकरी झाली असल्यास दीर्घ आजाराच्या काळात वेतनाच्या ८० टक्के रक्कम कमाल दोन वर्षे मिळू शकते. हा हक्क किती कामगार मागतात? दूरवरून येणाऱ्या मुलांसाठी सेंट जूड्स संस्था २००६ पासून मुंबईत मोफत निवासाची सोय करीत आहे.

धर्मग्रामाचा पैसा येथे कामी यावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. आवाहनातून जमलेले दोन-तीन लाख खासगी रुग्णालयाच्या अनामतीत पहिल्याच आठवड्यात संपतात, आणि त्या अनामतीची तजवीज योजनेतून होऊ शकली असती हे नंतर कळते. तीच रक्कम प्लेटलेट्स, प्रवास, आहार आणि घरभाडे यांसाठी महिन्याच्या हिशेबाने राखून ठेवली, तर दोन वर्षांच्या उपचारात कुटुंब मध्येच औषध सोडून देण्याची पाळी टळू शकेल. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांपैकी दोघांनी आरोग्यमित्र, तहसील कार्यालय आणि वैद्यकीय समाजसेवक या तीन ठिकाणच्या वाटा नीट माहीत करून घेतल्या, तर आवाहन करण्यापूर्वी पहिली फेरी त्यांनाच मारता येईल.

रक्तदानाचेही तसेच. सणाच्या दिवशी शिबिरात शंभर पिशव्या जमतात. पण प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात आणि रुग्णाला त्या पुढच्या महिन्यातील एखाद्या मंगळवारी दुपारी हव्या असतात. निरोगी व्यक्तीला ४८ तासांच्या अंतराने, वर्षात २४ वेळांपर्यंत प्लेटलेट्स देता येतात. कामाच्या दिवशी परळपर्यंत जाऊ शकतील अशा वीस जणांची नावे आणि रक्तगट लिहिलेली वही धर्मग्रामाच्या कार्यालयात ठेवायला कोणत्याही निधीची गरज पडत नाही.