हजेरीपटाबाहेरचा मजूर

रोजगार हमीच्या यशापयशाचा प्रश्न निघाला की शासन हजेरीपट पुढे करते. किती मजूर आले, किती मनुष्यदिवस भरले, किती खर्च झाला, एवढ्यावर अहवाल संपतो. जे काम मागावयास आले आणि रिकाम्या हाती परतले, त्यांची नोंद हजेरीपटात नसते. हमीची खरी कसोटी मात्र त्यांच्यापाशीच लागते.

महाराष्ट्राचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. वि. स. पागे यांच्या चिंतनातून साकारलेल्या योजनेला 1977 च्या कायद्याने हक्काचे स्वरूप दिले. मागणीनंतर 15 दिवसांत काम, अन्यथा भत्ता, हा तिचा गाभा. 1988 साली किमान वेतनाबरोबर योजनेची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. मजुरी वाढली तर काम मागणारे वाढावयास हवेत. प्रत्यक्षात हजेरी घटली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम चौधुरी या अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासून दाखविले की, मजुरीवाढीनंतर कामाचेच रेशनिंग झाले होते. नुसती हजेरी पाहणाऱ्याने मात्र बेकारी ओसरली असेच म्हटले असते.

2005 च्या केंद्रीय कायद्यानंतरही हेच घडले. शासकीय नोंदींनुसार जवळजवळ प्रत्येक मागणी पुरी होत होती. 2009-10 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने थेट कुटुंबांनाच विचारले, तेव्हा काम हवे असलेल्यांपैकी सुमारे 44 टक्क्यांना ते मिळालेच नव्हते असे दिसले. योजनेची जन्मभूमी असलेल्या महाराष्ट्राची स्थिती राष्ट्रीय सरासरीहून वाईट होती.

परभणी जिल्ह्यातील बोरीसारख्या गावांच्या संदर्भात हा भेद जीवनमरणाचा ठरतो. खरीप आटोपल्यावर कोरडवाहू शेतीत हाताला काम उरत नाही. उचल घेऊन ऊसतोडीला गेलेला मजूर गावात मागणी नोंदवीत नाही. त्याची अनुपस्थिती ‘मागणी नाही’ या सदरात जमा होते आणि त्याच आधारे कामे मंजूर होत नाहीत. योजनेचे अपयश अशा रीतीने तिच्या अनावश्यकतेचा पुरावा बनते.

गैरहजर असलेला प्रत्येक जण नाकारलाच गेला, असे मानणेही चूक होईल. काहींना अन्यत्र बरी मजुरी मिळत असेल. म्हणूनच तर मोजणी हवी. निष्कर्ष आपल्या बाजूचा आहे एवढ्याने तो स्वीकारणे हे शास्त्र नव्हे. त्याने चळवळीचेही भले होत नाही.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 125 दिवसांच्या हमीचा नवा कायदा संमत केला. दिवसांचा आकडा वाढला म्हणून हक्क वाढतोच असे नाही. कार्यकर्त्यांनी गावोगाव चार गोष्टी टिपाव्यात: मागणी केव्हा केली, तिची दिनांकित पोच मिळाली काय, काम केव्हा निघाले, मजुरी केव्हा हाती पडली. गाव सोडून गेलेल्या कुटुंबांची वेगळी यादी ठेवावी. पोच नसेल तर भत्त्याचा दावा उभा राहत नाही, आणि दावा नसेल तर हमी कागदावरच राहते. बोरीच्या मजुराच्या हातातील पोचेचा कागद मंत्रालयातील अहवालाहून अधिक खरे सांगेल.