चहाडी की साक्ष?

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आमच्या नगर जिल्ह्यात उसाचा हंगाम सुरू होतो. १९५०-५१ साली प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने पहिले गळीत केले, तेव्हापासून उसाने आम्हांला शाळा दिल्या, दवाखाने दिले. ते ऋण कोण नाकारील? पण नगर-मनमाड रस्त्यावर एखाद्या सायंकाळी उभे राहून पाहा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. मागे ना दिवा, ना चकाकणारी पट्टी. आणि गाण्याचा कर्णा असा, की मागच्या गाडीचा हॉर्न कानी पडूच नये.

गेल्या हंगामात अशाच एकाने बैलगाडीला मागे टाकण्याच्या नादात माझ्या शाळेची तीन मुले सायकलींसकट चारीत घातली. खरचटण्यावर निभावले. शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सारे टिपले गेले होते, गाडीच्या नंबरासह. "पोलिसांकडे द्या," मी म्हणालो. दुकानदार हसला. "गुरुजी, भावकीतला पोरगा आहे. चहाडी कशाला करायची?" आणि रात्री तेच चित्रण गावातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर!

म्हणजे गावभर दाखविली तर करमणूक, आणि ठाण्यात दिली तर चहाडी! हा कुठला न्याय? चहाडीच्या पोटी स्वार्थ असतो. साक्ष पाहिले तेवढेच सांगते. चित्रण कोणाला शिक्षा देत नाही. खरेखोटे पाहावयाचे काम पोलिसांचे आणि न्यायालयाचे. मोटार वाहन कायद्याचे १८४ वे कलम धोकादायक रीतीने गाडी चालविणाऱ्याला तुरुंगही दाखविते. २०१९ साली त्यातला दंड वाढविला. दिल्लीच्या पोलिसांनी केव्हाच नागरिकांच्या मोबाइलवरील तक्रारी घ्यावयास आरंभ केला. कायदा आहे, कॅमेरा आहे. नाही तो साक्षीदार.

त्याची भीती खोटी नाही. तक्रारीआधी तक्रारदाराचे नाव ट्रॅक्टरवाल्याच्या ओट्यावर पोहोचणार असेल, तर पुढे कोण येईल? अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती नको, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बंधनकारक केला. तसेच अभय चित्रण देणाऱ्यालाही हवे. ते सरकारने द्यावे.

पण तोवर आपण हात बांधून बसावयाचे काय? भावकीतला म्हणून आज ज्याला पाठीशी घातले, त्याच्याच ट्रॉलीखाली उद्या भावकीतलेच लेकरू सापडले, तर हेच चित्रण घेऊन आपण ठाण्याकडे धावत जाऊ. त्या दिवशी मात्र त्याला कोणी चहाडी म्हणणार नाही.