एकच काडतूस, दोन रायफली: मग निकाल वेगळा का लागतो?

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. या खेळात ५० मीटरवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो फक्त १०.४ मिलिमीटर. इतक्या बारीक हिशेबात नेमबाजाचा हात आणि डोळा जितका महत्त्वाचा, तितकंच महत्त्वाचं असतं त्याच्या रायफलीला मानवणारं काडतूस.

म्हणूनच अव्वल नेमबाज इंग्लंडमधल्या एली किंवा जर्मनीतल्या लापुआच्या चाचणी केंद्रात आपली रायफल घेऊन जातात. तिथे रायफल घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडली जातात. कंपनी एकच, काडतूस एकच, तरी एका रायफलीत सरस ठरलेला लॉट दुसरीत साधारण ठरतो.

हाताने भरलेलं काडतूस म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात: पितळी कवच, प्रायमर, दारू आणि पुढची गोळी. झाडल्यावर कवच उरतं. त्यात नवा प्रायमर, मोजलेली दारू आणि नवी गोळी बसवली की 'हँडलोड' तयार होतं. अमेरिकेत हा अनेकांचा छंद आहे. स्वप्निलच्या प्रकारातलं .२२ काडतूस मात्र असं पुन्हा भरत नाहीत, कारण त्याचा स्फोटक मसाला कवचाच्या कडेतच असतो. त्यामुळे तिथे भरण्याऐवजी निवडण्यावर भर असतो.

फरक नेमका कुठे पडतो?

पहिलं कारण चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा. ती कापणारं हत्यार झिजत जातं, त्यामुळे एकाच कारखान्यातल्या दोन चेंबरमध्येही केसभर फरक राहतो. झाडताना पितळ फुगतं आणि त्या चेंबरचा आकार घेतं. तेच कवच दुसऱ्या रायफलीत अडकू शकतं.

दुसरं कारण, गोळीपासून नळीतल्या पीळदार खाचांपर्यंतचं अंतर. गोळी खाचांना आधीच टेकलेली असेल तर दाब वाढतो. नळी जुनी झाली की हे अंतरही बदलतं.

तिसरं कारण, खाचांचा पीळ. लांब, जड गोळी स्थिर राहायला जास्त वेगाने फिरावी लागते. अमेरिकी एम-१६ रायफलीत आधी १२ इंचांत एक फेरा होता. जास्त लांब गोळी आल्यावर एम-१६ए२ मध्ये तो ७ इंचांत एक असा केला गेला.

चौथं कारण कंपन. गोळी सुटताना नळी थरथरते. ती थरथरण्याच्या कोणत्या क्षणी गोळी बाहेर पडते, यावर नेम ठरतो. प्रत्येक नळीचं थरथरणं वेगळं असतं.

मग कारखान्याचं काडतूस सगळ्यांना कसं चालतं?

जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत लष्करासाठी रायफलीची काडतुसं बनतात. ती कोणत्याही जवानाच्या रायफलीत चालायलाच हवीत. म्हणून त्यांची मापं आणि दाब सर्वांना चालतील अशा ठरलेल्या मर्यादेत ठेवतात. हँडलोड याच्या उलट असतं. ते एकाच रायफलीच्या मापाने शिवलेल्या कपड्यासारखं असतं.

हा प्रश्न जुनाच आहे

जव्हारजवळच्या शिरपामाळावर, १६६४ साली सुरतेच्या मोहिमेवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम झाला, असं परंपरा सांगते. त्या काळातली तोड्याची बंदूक दर बाराला हातानेच ठासावी लागे. नळ्याही हाताने घडवलेल्या, त्यामुळे दोन बंदुका तंतोतंत सारख्या नसत. दारू आणि गोळीचा अंदाज आपापल्या बंदुकीवरूनच बांधावा लागे.

धोका कुठे आहे?

एका रायफलीत सुरक्षित ठरलेलं दारूचं प्रमाण दुसरीत धोकादायक दाब तयार करू शकतं. कवच फाटू शकतं, बंदूक फुटून हात किंवा डोळा जाऊ शकतो. म्हणून दुसऱ्याने सांगितलेलं प्रमाण कधीच जसंच्या तसं लागू होत नाही. भारतात तर परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे.

थोडक्यात, 'सर्वांत चांगलं काडतूस कोणतं?' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या रायफलीसाठी, हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.