पदवी विद्यापीठाची, लायसन्स डीजीसीएचं

नाशिककरांना आकाशातल्या घरघरीचं नवल नाही. गांधीनगरला लष्कराची वैमानिक प्रशिक्षण शाळा आहे, ओझरला एचएएलचा लढाऊ विमानांचा कारखाना. त्यामुळे 'मला पायलट व्हायचंय' म्हणणारी मुलं-मुली आता वडाळ्यातही भेटतात आणि मालेगावातही. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण 'पदवीसोबत पायलट ट्रेनिंग' अशी जाहिरात दिसली, की घर गहाण टाकायची भाषा सुरू होते, आणि तिथे मला थांबावंसं वाटतं.

पदवी देतं विद्यापीठ. विमान उडवायचं लायसन्स देतं डीजीसीए. या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी पदवी लागत नाही. १८ वर्षं पूर्ण हवीत, क्लास १ मेडिकल हवं, नेव्हिगेशन, हवामान, नियम यांच्या परीक्षांत ७० टक्के हवेत आणि २०० तासांचं उड्डाण हवं. बारावीला फिजिक्स-मॅथ्स आजवर लागत आलेत. म्हणजे बीएस्सी एव्हिएशनची पदवी हातात आहे, पण तास अपुरे आहेत, असंही होऊ शकतं.

मग पदवी घेऊच नये का? जरूर घ्यावी. मुंबई विद्यापीठाची बीएस्सी एव्हिएशन आहे. १९२८ साली सुरू झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब ती शिकवतो, त्यांचं उड्डाण प्रशिक्षण आपल्या शेजारच्या धुळ्याला चालतं. उद्या मेडिकलमध्ये अडकलं तर पदवी आधार देते. पण आधार म्हणून घ्यायची, तर ती विमानाशिवायही कामाला येईल का, हे आधी पाहा.

प्रवेशाआधी चार गोष्टी विचारा. उड्डाणाचे तास फीमध्ये धरलेत की वेगळे? उड्डाण देणारी संस्था डीजीसीएमान्य आहे का? चालू स्थितीतली विमानं किती आणि विद्यार्थी किती? आणि फी टप्प्याटप्प्याने घेता का? मेडिकल मात्र पहिली फी भरण्याआधीच करून घ्या.

खर्च ४० लाखांच्या पुढे जातो. आपल्याकडे त्यात व्याजाच्या कर्जाचा पेच आणखी असतो. शिवाय लायसन्स म्हणजे नोकरी नव्हे. एअरलाइनच्या विमानासाठी टाइप रेटिंग लागतं, त्याचे पैसे वेगळे. हैदराबादची सय्यदा सल्वा फातिमा बेकरीत काम करणाऱ्या बापाची मुलगी. लायसन्स मिळाल्यावरही पुढच्या प्रशिक्षणासाठी तिला सरकारी मदत लागली. ती मिळाली, म्हणून ती पुढे गेली. जिद्द तिची होतीच, पण नुसत्या जिद्दीवर भागलं नाही.

एक शिक्षक म्हणून शेवटचं सांगतो. उर्दू माध्यमातल्या मुलींना दहावीनंतर 'आर्ट्सच बरं' म्हणून गणितापासून तोडू नका. डीजीसीएच्या परीक्षा इंग्रजीत असतात, तेव्हा इंग्रजीचीही तयारी आठवीपासून हवी. या तयारीला चाळीस लाख लागत नाहीत, आणि पायलट नाही झालं तरी ती वाया जात नाही.