वर्गणी की खंड?

दरमहा पैसे मोजून संगणकावरचे सामूहिक खेळ खेळावेत काय, या प्रश्नाची चर्चा समाजवादी साप्ताहिकाने करावी याचे काही साथींना नवल वाटेल. त्यांच्या मते हा सारा चंगळवाद. कार्यकर्त्याने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही. पण ज्या व्यवसायात जगभरचे कोट्यवधी तरुण रोजचे कित्येक तास घालवतात, आणि त्यांत कामगारांची व शेतकऱ्यांची मुलेही आहेत, त्याच्या अर्थकारणाकडे पाठ फिरवणे समाजवाद्याला शोभत नाही. करमणूक ही श्रमिकाची गरज आहे हे एकदा मान्य केले की ती कोणत्या अटींवर मिळते हा राजकीय प्रश्न होतो.

या खेळांचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. हजारो खेळाडू एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरतात. ते जग कंपनीच्या संगणकांवर, म्हणजे सर्व्हरवर, अहोरात्र चालू असते. खेळाडू झोपला तरी ते थांबत नाही. १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळाने महिना सुमारे १० डॉलर आकारले आणि पुढे ही प्रथा रूढ झाली. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील ब्लिझर्ड कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला. त्याची मासिक वर्गणी १४ डॉलर ९९ सेंट, म्हणजे आजच्या दराने तेराशे रुपयांच्या वर. २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर पोहोचले. (यांतील चिनी खेळाडू महिन्यावर नव्हे, तासांवर पैसे भरत, तेव्हा दोन आकड्यांचा सरळ गुणाकार करून उत्पन्न काढण्याचा मोह टाळलेला बरा.)

खेळ एकदा विकत घेतल्यावर पुन्हा दरमहा पैसे का, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती वरवर रास्त वाटली तरी अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. खेळाची आणखी एक प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही हे खरे. पण जग चालू ठेवण्यास येतो. सर्व्हर, वीज, दुरुस्ती, तक्रारनिवारण, दांडगाई करणाऱ्यांवर देखरेख, नवी भर घालणारे चित्रकार आणि लेखक, या सर्वांचे वेतन महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते. सतत चालणाऱ्या सेवेचे सतत मूल्य घेणे यात अन्याय नाही. उलट सर्वांना एकच, आधी जाहीर केलेला दर लावणारी वर्गणी ही या धंद्यातील त्यातल्या त्यात स्वच्छ पद्धत होय.

‘फुकट’ खेळांचे समर्थक नेमके येथेच फसतात. गरिबाच्या मुलालाही खेळता येते, मग फुकट खेळ अधिक लोकशाहीवादी नव्हेत काय, असा त्यांचा सवाल असतो. या खेळांत बहुसंख्य खेळाडू एक पैसाही देत नाहीत. उत्पन्न येते ते मूठभरांकडून, आणि त्यांना धंद्याच्या परिभाषेत ‘देवमासे’ म्हणतात. गिऱ्हाइकाला जो धंदा शिकारीचे नाव देतो, त्याच्या औदार्याची आरती ओवाळण्याचे कारण नाही. देवमासा गळाला लागावा म्हणून खेळ मुद्दाम कंटाळवाणा करायचा आणि कंटाळा टाळण्याचे पैसे घ्यायचे. बंद पेटी विकायची आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडायचे. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवले. ‘फोर्टनाइट’ या फुकट खेळाच्या मालक कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यांतले साडेसत्तावीस कोटी मुलांच्या खाजगीपणाच्या उल्लंघनाबद्दलचा दंड होता. साडेचोवीस कोटी फसव्या मांडणीमुळे नको असलेली खरेदी करून बसलेल्या गिऱ्हाइकांना परत द्यायचे होते. फुकटाची किंमत ही अशी कोणीतरी मोजतच असतो.

मग वर्गणीची बाजू घेऊन थांबावे काय? नाही. वर्गणी घेणारेही आता तेवढ्यावर समाधानी नाहीत. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा अमेरिकेतील दर वीस वर्षे तोच राहिला, पण विस्तारांची किंमत वेगळी, आणि वर दुकान मांडलेले. २०१० मध्ये त्यात २५ डॉलरचा शोभेचा घोडा विकायला आला, तर २०२४ मध्ये ९० डॉलरचे एक वाहन. म्हणजे वर्गणी भरून आत आलेल्या माणसाकडे पुन्हा गिऱ्हाईक म्हणून पाहायचे. वर्गणीचा एकमेव नैतिक आधार, सर्वांना समान दर, तो यामुळे ढासळतो.

परंतु खरा आक्षेप याहून खोल आहे. मराठीत वर्गणी या शब्दाला एक अर्थ आहे. वाचनालयाची वर्गणी भरणारा सभासद होतो. वार्षिक सभेत उठून हिशेब विचारतो आणि मत देतो. खेळाची कंपनी घेते ती या अर्थाने वर्गणीच नव्हे. तो खंड आहे. खेळाडूने पाच-दहा वर्षे खपून उभे केलेले पात्र, मिळवलेली सामग्री, जमवलेले संघ, यांतले काहीही त्याचे नसते. करारपत्रात तसे स्पष्ट लिहिलेले असते. वस्तुतः त्या जगाचे मोल वाढवतात ते खेळाडूच. निर्मनुष्य जगात कोणी महिन्याला पंधरा डॉलर देणार नाही. नवख्याला शिकवणारे, संघ चालवणारे, रात्री जागून मोहिमा आखणारे हे लोक विनावेतन श्रम करतात आणि वर त्याबद्दल पैसे भरतात. दृष्टान्त एकदेशी असतो हे मान्य. जमीन जमीनदाराने निर्माण केलेली नव्हती, खेळ मात्र कंपनीच्या कामगारांनी घडवलेला असतो. तरीही ज्या महाराष्ट्राने ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा ऐकली आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन पाहिला, त्याला हे नाते ओळखू यायला हवे.

कुळाची हकालपट्टी येथे रोजची आहे. ब्लिझर्ड आणि तिची चिनी भागीदार नेटईझ यांचे जमले नाही म्हणून जानेवारी २०२३ मध्ये चीनमधील ‘वॉरक्राफ्ट’चे सर्व्हर बंद झाले, खेळ परतला तो २०२४ मध्ये, तोही मालकांचा समेट झाल्यावर. ‘द क्रू’ हा खेळ तर वर्गणीचाही नव्हता, पूर्ण किंमत देऊन घेतलेला होता. युबिसॉफ्टने २०२४ मध्ये सर्व्हर बंद करून तो निकामी केला. त्यातूनच खेळ मारू नका अशी मोहीम युरोपात उभी राहिली आणि जुलै २०२५ पर्यंत तिच्या निवेदनावर दहा लाखांवर सह्या झाल्या.

खेळाडूंना असली जगे चालवता येणार नाहीत, असे उत्तर मिळते. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ २००४ मध्ये मासिक वर्गणीवर सुरू झाला. २०११ मध्ये त्याने फुकट प्रवेशाची वाट धरली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये मालक एनसीसॉफ्टने तो बंद केला. २०१९ मध्ये उघड झाले की काही चाहत्यांनी तो गुपचूप जिवंत ठेवला होता. त्यानंतर ‘होमकमिंग’ नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने तो सर्वांसाठी चालवला, ऐच्छिक देणग्यांवर, महिन्याचा खर्च जाहीर करून. जानेवारी २०२४ मध्ये खुद्द एनसीसॉफ्टने या गटाला अधिकृत परवाना दिला. मालकाला जे नफ्याचे वाटले नाही ते वापरणाऱ्यांनी चालवून दाखवले.

कंपनीच्या आतही हालचाल आहे. ब्लिझर्डची मालकी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली, आणि जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खेळविभागातून १,९०० जणांना काढण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘वॉरक्राफ्ट’ घडवणाऱ्या पाचशेहून अधिक कामगारांनी संघटना बांधली. वर्गणीचा किती वाटा यांच्या वेतनात जातो, हे विचारण्याचा हक्क वर्गणीदाराला नाही. तो मिळाला तर खेळणारा आणि घडवणारा एका बाजूला येतील.

भारतात हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने पैशाच्या पैजेचे खेळ बंद केले. त्याचे स्वागतच केले पाहिजे. त्याच कायद्याने करमणुकीच्या खेळांना वर्गणी किंवा एकरकमी प्रवेशशुल्क घेण्याची मुभा दिली आहे. अट एवढीच की ते पैजेच्या स्वरूपाचे नसावे. खेळ बंद पडल्यास वर्गणीदाराचे काय, याची तरतूद मात्र त्यात नाही. समाजवादी खासदारांनी ती मागावी. बंद करण्यापूर्वी वर्षाची सूचना, त्यानंतर सर्व्हर चालवण्याची आज्ञावली खेळाडूंच्या सहकारी संस्थेकडे, आणि वर्गणी घेणाऱ्या खेळात नशिबाच्या पेट्यांना पूर्ण मनाई. सहकाराचा कायदा आपल्याकडे जुना आहे. नोंदणीसाठी नवे खाते काढावे लागणार नाही.